घटस्फोट, मुलांचा ताबा आणि पोटगी: कोर्टाची पायरी पहिल्यांदा चढताना

कौटुंबिक न्यायालयात पहिल्यांदा येणारा प्रत्येक जण एकच विचारतो: घटस्फोट कधी मिळेल? दोघांची संमती नसेल तर याचं उत्तर महिन्यांत देता येत नाही, वर्षांत द्यावं लागतं. पण तोवर घरभाडं थांबत नाही, शाळेची फी थांबत नाही आणि मूल शनिवार-रविवारी कुठे राहणार हा प्रश्न दर आठवड्याला दारात उभा असतो. या मधल्या काळातलं आयुष्य अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या तात्पुरत्या सोयीसाठी केलेल्या अर्जांवर चालतं. माझी केस पुण्यात चालली. त्या काळात इतर बायकांच्या आणि पुरुषांच्याही फायली मी जवळून पाहिल्या. ज्यांनी अंतरिम पोटगी आणि अंतरिम ताब्याच्या अर्जांवर सुरुवातीलाच मेहनत घेतली, ते पुढची वर्षं निभावू शकले. ज्यांनी सगळा जोर शेवटच्या निकालावर ठेवला, त्यांची मध्येच दमछाक झाली आणि पडेल ती तडजोड त्यांनी पत्करली. तसं होऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

लेख मुख्यतः महाराष्ट्रात राहणाऱ्या आणि हिंदू विवाह कायदा, 1955 लागू असलेल्या जोडप्यांना धरून आहे. नोंदणी पद्धतीनं, म्हणजे विशेष विवाह कायदा, 1954 खाली लग्न केलं असेल तर कलमांचे आकडे बदलतात, वाट साधारण तीच. मुस्लिम आणि ख्रिस्ती जोडप्यांचे घटस्फोटाचे कायदे वेगळे आहेत, मात्र पोटगीचं कलम 144, ज्याबद्दल पुढे येईल, सर्व धर्मांच्या बायका-मुलांना लागू आहे. गोव्यात लग्नाची नोंदणी झालेल्यांनी तिथल्याच वकिलाला विचारावं. तिथे पोर्तुगीज काळापासूनची नागरी संहिता चालते आणि पती-पत्नीच्या मालमत्तेचा हिशेब अगदी वेगळ्या पद्धतीनं होतो.

1. आधी कागद, मग वकील

भांडण विकोपाला गेल्यावर घरातले कागद हाती लागणं कठीण होतं. म्हणून शक्य असेल तेव्हाच हे जमवून ठेवा. मूळ प्रत मिळाली नाही तर मोबाइलवर स्वच्छ फोटो काढून स्वतःच्याच ईमेलवर पाठवा. घरच्या सामायिक कॉम्प्युटरवर ठेवू नका.

- लग्नाचा दाखला. नसेल तर लग्नपत्रिका आणि लग्नातले दोघांचे फोटो
- दोघांचं आधार, पॅन आणि सध्या जिथे राहता तिथला रहिवासाचा पुरावा
- मुलांचे जन्मदाखले, शाळेचं बोनाफाईड, फीच्या पावत्या, लसीकरणाचं कार्ड, दवाखान्याचे कागद
- जोडीदाराच्या पगाराची स्लिप, फॉर्म 16, आयकर विवरणपत्र, जे मिळेल ते
- स्वतःच्या सगळ्या बँक खात्यांचे तीन वर्षांचे उतारे
- घराचा करारनामा, इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), शेती असेल तर सातबारा आणि आठ-अ
- गाडीचं आरसी, विमा पॉलिसी, कर्जाच्या हप्त्यांचे कागद
- स्त्रीधनाची यादी: दागिना, अंदाजे वजन, कोणी दिला, पावती किंवा तो अंगावर असलेला फोटो
- मारहाण झाली असेल तर सरकारी दवाखान्याचे कागद आणि पोलिसांत दिलेल्या अर्जाची पोच

स्त्रीधनाची यादी बहुतेक जणी शेवटी आठवून करतात आणि निम्मं विसरतात. लग्नाचा अल्बम समोर ठेवून एका बैठकीत यादी करा, आईला किंवा मावशीला बरोबर घ्या.

2. कोणतं कलम, कोणतं कोर्ट

इथे नवख्या माणसाचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो, कारण एकाच गोष्टीसाठी चार दारं आहेत.

पहिलं दार हिंदू विवाह कायद्याचं. घटस्फोटाची कारणं कलम 13 मध्ये आहेत: क्रूरता, दोन वर्षांचा परित्याग (जोडीदाराला सोडून जाणं), विवाहबाह्य संबंध वगैरे. संमतीचा घटस्फोट कलम 13-ब खाली होतो. लग्नाला एक वर्ष झाल्याशिवाय घटस्फोटाचा अर्ज करता येत नाही. अपवाद आहे, पण तो असाधारण त्रासाचा. केस चालू असताना अंतरिम पोटगी आणि कोर्टखर्च कलम 24 खाली मागता येतो, कायमची पोटगी कलम 25 खाली आणि मुलांविषयीचे हुकूम कलम 26 खाली. कलम 24 आणि 25 नवऱ्यालाही खुली आहेत, हे अनेकांना ठाऊक नसतं.

दुसरं दार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 चं. हे म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेतलं, सगळ्यांच्या तोंडी असलेलं जुनं कलम 125. 1 जुलै 2024 पासून आकडा बदलला, मूळ हक्क तोच आहे. घटस्फोट मागायचा नसला तरी या कलमाखाली बायको, मुलं आणि म्हातारे आईवडील पोटगी मागू शकतात.

तिसरं दार कौटुंबिक हिंसाचार कायदा, 2005 चं. मारहाण, शिवीगाळ, पैशांची कोंडी, घराबाहेर काढणं, हे सगळं त्यात येतं. पोटगीसोबत राहत्या घरात राहण्याचा हक्क आणि संरक्षणाचा आदेश हवा असेल तर हेच दार ठोठवावं. घर सासू-सासऱ्यांच्या नावावर आहे म्हणून सुनेला काढता येतं, असं सरसकट नाही. सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये हे स्पष्ट केलं आहे. अर्ज वकिलाशिवाय, तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या संरक्षण अधिकाऱ्यामार्फतही करता येतो.

चौथं दार पालक व पाल्य कायदा, 1890 चं. घटस्फोटाची केस नसताना फक्त मुलाच्या ताब्याचा प्रश्न असेल तेव्हा त्याचा उपयोग.

आता कोर्ट. मुंबईत वांद्र्याला, पुण्यात शिवाजीनगरला कौटुंबिक न्यायालय आहे, इतर अनेक जिल्ह्यांतही आहे. जिथे नाही तिथे घटस्फोटाची केस दिवाणी न्यायालयात आणि कलम 144 चा अर्ज न्यायदंडाधिकाऱ्यांकडे चालतो. अर्ज करणारी पत्नी असेल तर ती सध्या जिथे राहते तिथल्या कोर्टात घटस्फोटाचा अर्ज करू शकते. माहेरी लातूरला आलेल्या मुलीला प्रत्येक तारखेला ठाण्याला जायची गरज नाही. मुलाच्या ताब्याच्या स्वतंत्र अर्जाला मात्र मूल नेहमी राहतं ते ठिकाण धरतात.

सापळा: एकाच वेळी तीन ठिकाणी पोटगी मागितली म्हणजे तिप्पट पोटगी मिळते, असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. अर्ज वेगवेगळ्या कायद्यांखाली करता येतात, पण आधीचा हुकूम सांगावाच लागतो आणि ती रक्कम पुढच्या कोर्टात वजा किंवा समायोजित होते. लपवलं तर तुमच्या शब्दाची किंमत पहिल्याच दिवशी जाते.

3. वकील

महिलांना आणि मुलांना, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 नं दिला आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. हेल्पलाइन 15100. तिथून मिळणारे वकील चांगले नसतात हा समज मला सरसकट खरा वाटत नाही. फायलीत लक्ष घालणारा वकील दोन्हीकडे मिळतो.

घटस्फोट, पोटगी, मालमत्ता आणि हिंसाचाराच्या प्रकरणांत महिलांना कोर्ट फी स्टॅम्प माफ आहे. राज्य शासनाची 1994 ची अधिसूचना आहे. कोणी स्टॅम्पच्या नावाखाली मोठी रक्कम मागितली तर कशासाठी ते विचारा. खासगी वकील लावलात तर फी टप्प्याटप्प्यानं आणि कागदावर ठरवा: अर्ज दाखल करण्याचे किती, अंतरिम अर्जाचे किती, तारखेचे किती, उलटतपासणीचे किती.

कौटुंबिक न्यायालयात वकील हा आपोआप मिळणारा हक्क नाही, त्यासाठी कोर्टाची परवानगी घ्यावी लागते. ती सहसा मिळते, पण कायद्याचा हेतू तुम्ही स्वतः बोलावं हा आहे. न्यायाधीश थेट तुम्हालाच विचारतात. म्हणून स्वतःच्या अर्जातली प्रत्येक ओळ वाचून, समजून मगच सही करा. अर्ज इंग्रजीत असेल तर मराठीत समजावून मागा. त्यात तुम्हाला माहीत नसलेला एखादा आरोप "केस मजबूत व्हावी" म्हणून घातलेला आढळला तर काढायला लावा. दोन वर्षांनी उलटतपासणीत त्याच ओळीवर तुम्हाला उभं केलं जाईल.

4. अर्ज दाखल झाल्यावर

अर्जाला नंबर पडतो, समोरच्याला समन्स जातं, तारीख मिळते. नंबरसोबत सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक, म्हणजे केसचा ओळखक्रमांक, मिळतो. तो लिहून ठेवा. ई-कोर्ट्सच्या ॲपवर तो टाकला की पुढची तारीख आणि मागच्या हुकमांची प्रत दिसते. त्यामुळे "काय झालं आज?" यासाठी वकिलाच्या फोनवर अवलंबून राहावं लागत नाही. तारखेला काय घडलं याची नोंद रोजनाम्यात होते. समोरचा वकील विनाकारण मुदत मागत असेल तर ते रोजनाम्यात येऊ द्या, नंतर त्याचा उपयोग होतो.

समन्स ज्याला आलं आहे त्यानं ते घ्यायचं टाळू नये. समन्स घेऊन आलेल्या कोर्टाच्या बेलिफाला दार न उघडल्यानं केस थांबत नाही, एकतर्फी चालते. कलम 144 खालचा एकतर्फी पोटगीचा हुकूम रद्द करून घ्यायला तीन महिन्यांचीच मुदत असते.

कौटुंबिक न्यायालयात पुढचा टप्पा विवाह समुपदेशकांचा. तिथे जाणं म्हणजे नांदायला तयार होणं नव्हे. ते दोघांशी वेगवेगळं आणि एकत्र बोलतात, मुलांच्या भेटीची तात्पुरती सोय लावून देतात, जमत असेल तर समेटाच्या अटी मांडतात. तिथे आवाज चढवून काही साधत नाही. काय हवं ते तीन-चार वाक्यांत कागदावर लिहून न्या: महिना किती रक्कम, मूल कोणाकडे, भेट कधी, माझ्या वस्तू कुठे आहेत.

5. अंतरिम पोटगी: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

कलम 24 आणि कलम 144, दोन्हींत अंतरिम अर्ज शक्यतो 60 दिवसांत निकाली काढावा असं म्हटलं आहे. प्रत्यक्षात जास्त वेळ जातो, पण तुमचे कागद पूर्ण असतील तर तुमच्या बाजूनं तरी उशीर होत नाही.

4 नोव्हेंबर 2020 ला सर्वोच्च न्यायालयानं रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात देशभरासाठी नियम घालून दिले. पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता आणि देण्यांचं ठरावीक नमुन्यातलं प्रतिज्ञापत्र द्यायचं. शेतीवर जगणाऱ्यांसाठी वेगळा नमुना आहे. समोरच्यानं उत्तर आणि प्रतिज्ञापत्र जास्तीत जास्त चार आठवड्यांत द्यायचं. आणि पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून धरायची, हुकमाच्या तारखेपासून नाही. याचा अर्थ हिशेबात बघा: समजा महिना 15,000 रुपये ठरले, अर्ज जून 2023 चा आणि हुकूम मार्च 2025 मध्ये झाला. जून 2023 ते फेब्रुवारी 2025 या 21 महिन्यांचे 3,15,000 रुपये थकबाकी म्हणून उभे राहतात. म्हणून "आधी बोलणी करून पाहू, अर्ज नंतर" असं म्हणत महिने घालवू नका. बोलणी अर्ज दाखल करूनही करता येतात.

आता हे प्रतिज्ञापत्र भरायचं कसं. बहुतेक जण महिन्याचा खर्च "अंदाजे 40,000" असा एका ओळीत लिहितात. तसं लिहिलं की समोरचा वकील तो आकडा एका वाक्यात उडवून लावतो. त्याऐवजी रकाने पाडा: घरभाडं, वीज, गॅस, किराणा, दूध, मुलाची फी (वर्षाची भागिले बारा), शाळेची रिक्षा किंवा बस, वह्या-पुस्तकं, शिकवणी, औषधं, विमा, मोबाइल, प्रवास. प्रत्येकापुढे पावती क्रमांक. जिथे पावती नाही, जसं भाजी किंवा दूध, तिथे माफक आकडा टाका. एक आकडा फुगवलेला सापडला की बाकीचे खरे आकडेही संशयात जातात. स्वतःची नोकरी असेल तर लपवू नका. बायको कमावती आहे म्हणून पोटगी आपोआप नाकारली जात नाही. तिच्या कमाईत लग्नातल्या राहणीमानाशी मिळतंजुळतं भागतं का, हे कोर्ट पाहतं.

समोरच्याचं प्रतिज्ञापत्र मिळालं की ते बँकेच्या उताऱ्याशी ओळ न ओळ ताडून बघा. पगार 35,000 दाखवला आहे आणि त्याच खात्यातून गाडीचा 18,000 चा हप्ता, क्रेडिट कार्डाचं बिल आणि म्युच्युअल फंडाची एसआयपी जाते आहे, तर उरलेलं घर कशावर चालतं? हा प्रश्न वकिलाला लेखी करून द्या. एखादं खातं अर्ज दाखल झाल्यावर अचानक कोरडं पडलं असेल, भावाच्या किंवा आईच्या नावावर मोठ्या रकमा गेल्या असतील, तर त्या तारखा पेननं खुणा करून ठेवा. स्थावर मालमत्तेसाठी नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च आहे, सातबारा भूमी अभिलेखाच्या संकेतस्थळावर पाहता येतो. पगाराचा तपशील मिळत नसेल तर मालकाकडून तो मागवण्याचा अर्ज कोर्टात करता येतो. प्रतिज्ञापत्रात खोटं लिहिल्याचं सिद्ध झालं तर खोट्या पुराव्याची कारवाई होऊ शकते, तोही अर्ज वेगळा द्यावा लागतो.

सापळा: "पगाराच्या 25 टक्के पोटगी मिळते" हे तुम्ही ऐकलं असेल. सर्वोच्च न्यायालयानं 2017 मध्ये एका प्रकरणात हा आकडा योग्य मानला, त्याचा लोकांनी नियम केला. कायद्यात अशी टक्केवारी नाही. दोघांचं उत्पन्न, मुलं किती, कोणावर कोण अवलंबून, घर कोणाकडे, हे सगळं बघून रक्कम ठरते.

आणखी एक: मुलाची पोटगी वेगळी मागा, स्वतःच्या रकमेत मिसळू नका. आईची रक्कम काही कारणानं कमी झाली किंवा थांबली तरी मुलाची चालू राहते.

6. मुलांचा ताबा आणि भेट

कायदा मुलाचं हित सर्वांत वर धरतो, आई किंवा बाप यांच्या हक्काच्याही वर. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, 1956 म्हणतो की पाच वर्षांखालचं मूल सामान्यतः आईकडे असावं. 2015 मध्ये गोव्यातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की एवढ्या लहान मुलासाठी आई अयोग्य आहे हे दाखवण्याचा भार वडिलांवर आहे. पाचच्या पुढे मात्र कोणताही अंदाज बांधू नका. कोर्ट पाहतं की मूल आत्ता कुठे रुळलं आहे, शाळा कुठली, संध्याकाळी घरी कोण असतं, आजी-आजोबा आहेत का, आजारपणात कोण जागतं. मोठ्या मुलांशी न्यायाधीश चेंबरमध्ये स्वतः बोलतात. पगार जास्त असणाऱ्याकडे ताबा जातो हा गैरसमज आहे. कमी पगार ही पोटगीनं भरून काढायची गोष्ट आहे.

म्हणून ताब्याच्या अर्जात जोडीदाराच्या दोषांची जंत्री देण्यापेक्षा मुलाचा दिवस लिहा. सकाळी किती वाजता उठतं, डबा कोण भरतं, शाळेच्या पालकसभेला कोण जातं, डॉक्टर कोणते, दम्याचा पंप कुठे ठेवलेला असतो. ज्याला हे माहीत असतं त्यानंच मूल सांभाळलेलं असतं, आणि वाचणाऱ्याला ते लगेच कळतं.

भेटीचा आदेश मागताना "वाजवी भेट" असं मोघम लिहून घेऊ नका. पुढची सगळी भांडणं त्या दोन शब्दांतून निघतात. लिहून घ्या: महिन्यातले कोणते शनिवार-रविवार, किती ते किती, कुठून घ्यायचं, कुठे सोडायचं, उशीर होणार असेल तर कोणाला कळवायचं. दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी अर्धी-अर्धी, पहिला भाग यंदा कोणाकडे. गणपतीत आजोळी की आजोबांकडे. वाढदिवस. आठवड्यातून किती वेळा व्हिडिओ कॉल, किती वाजता. दूर राहणाऱ्या पालकाला असा संपर्क मिळाला पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये म्हटलं आहे. ताण फार असेल तर सुरुवातीच्या भेटी कोर्टातच समुपदेशकांच्या देखरेखीखाली मागता येतात. मुंबई-पुण्यात त्यासाठी मुलांची वेगळी खोली आहे.

भेटीच्या दिवशी मुलाबरोबर एक छोटी पिशवी द्या: कपड्यांचा एक जोड, पाण्याची बाटली, औषध असेल तर चिठ्ठीसह, झोपताना लागणारी चादर किंवा बाहुली. हाती देताना पैशाचा, तारखेचा, वकिलाचा विषय काढू नका. परत आल्यावर "बाबा काय म्हणाले?" किंवा "आई कोणाशी बोलत होती?" असं विचारू नका. दोन-तीन भेटींनंतर मूल काय सांगायचं आणि काय लपवायचं हे शिकतं. एवढ्याशा जिवावर ते ओझं टाकण्याचा अधिकार आपल्या दोघांपैकी कोणालाच नाही.

सापळा: पोटगी आली नाही म्हणून भेट बंद करणं, किंवा भेट दिली नाही म्हणून पोटगी थांबवणं. कायद्यानं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोटगी थकली तर वसुलीचा अर्ज करा, भेट नाकारली तर अंमलबजावणीचा. स्वतःहून हिशेब चुकता करायला गेलात तर पुढच्या तारखेला कोर्टाच्या नजरेत दोषी तुम्ही ठरता.

मूल परदेशात जन्मलेलं किंवा वाढलेलं असेल तर उशीर न करता वकिलाशी बोला. मुलांच्या आंतरराष्ट्रीय अपहरणाबद्दलच्या 1980 च्या हेग करारावर भारताची सही नाही. अशा प्रकरणात उच्च न्यायालय त्या मुलाचं हित पाहून निर्णय देतं. आणि जोडीदारानं अमेरिकेत किंवा दुबईत एकतर्फी घटस्फोट घेतला असेल तर तो इथे आपोआप चालतो असं धरू नका. तुमचं लग्न ज्या कायद्याखाली झालं त्यातल्या कारणावर तो दिलेला नसेल, किंवा तुम्हाला बाजू मांडायची खरी संधी मिळाली नसेल, तर त्याला इथे आव्हान देता येतं. मात्र तिकडून आलेली नोटीस कचऱ्यात टाकू नका.

7. संमतीनं घटस्फोट

कलम 13-ब साठी दोघं किमान एक वर्ष वेगळे राहत असले पाहिजेत. पहिला अर्ज झाल्यावर सहा महिन्यांनी, पण 18 महिन्यांच्या आत, दोघांनी पुन्हा येऊन संमती सांगायची. दीड वर्षाहून जास्त वेगळे राहिलेले असाल, समेटाचे प्रयत्न झालेले असतील आणि पोटगी-ताबा सगळं मिटलं असेल तर सहा महिन्यांची मुदत माफ करावी असा अर्ज करता येतो. सर्वोच्च न्यायालयानं 2017 मध्ये तशी मुभा दिली.

हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतं. म्हणून एकरकमी पोटगीचे टप्पे पाडा: काही रक्कम पहिल्या अर्जाच्या वेळी, मोठा भाग दुसऱ्या वेळी, डिमांड ड्राफ्टनं, कोर्टासमोर. पोलीस केस असेल तर "केस मागे घेऊ" एवढं लिहून भागत नाही. 498-अ (सासरच्या छळाचं कलम, आता भारतीय न्याय संहितेचं कलम 85) खालचा गुन्हा रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागतं. कोण अर्ज करणार, खर्च कोणाचा, कोणत्या टप्प्यावर, हे अटींत आणा.

अटींमध्ये हेही हवं: मुलाची फी दरवर्षी वाढणार ती कोण भरणार, दहावी-बारावीनंतरचं शिक्षण, मुलाचा पासपोर्ट काढायला सही देण्याची हमी, घरकर्ज, संयुक्त खातं, दागिने परत केल्याची पोच. आणि "मुलाची पोटगी कधीही मागणार नाही" असं कोणी लिहून मागितलं तर सही करू नका. तो हक्क मुलाचा आहे, आई तो सोडून देऊ शकत नाही.

8. पुरावा

वादातल्या केसमध्ये आधी सरतपासाचं प्रतिज्ञापत्र, म्हणजे स्वतःची साक्ष लेखी, मग उलटतपासणी. व्हॉट्सॲपचे संदेश नुसते छापून देऊन चालत नाहीत, भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि मूळ फोन जपून ठेवावा लागतो. नवरा-बायकोमधलं गुपचूप केलेलं रेकॉर्डिंग वैवाहिक खटल्यात पुरावा होऊ शकतं, असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै 2025 मध्ये म्हटलं. तरी मुलाच्या तोंडून काही वदवून ते रेकॉर्ड करू नका. ताब्याच्या अर्जात तेच तुमच्याविरुद्ध वापरलं जातं.

9. हुकूम आहे, पैसे नाहीत

हे फार जणींच्या वाट्याला येतं. हुकमाची सही-शिक्क्याची नक्कल त्याच आठवड्यात मागा. पोटगी बँक खात्यातच घ्या, रोख घेऊ नका. वहीत महिना, देय रक्कम, आलेली रक्कम, तारीख असे चार रकाने ठेवा.

कलम 144 खालची थकबाकी वसूल करण्याचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. "देतो, देतो" यावर विसंबून वर्ष उलटलं की त्या महिन्याची रक्कम या वाटेनं हातची जाते. म्हणून दोन-तीन महिने थकले की अर्ज द्या, आणि पुढे थकत राहिलं तर नवा. वॉरंट निघतं, आणि दर थकलेल्या महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. कैद भोगली म्हणून देणं फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 1989 मध्येच सांगितलं आहे.

पगारदार माणसाच्या बाबतीत पगार जप्तीची दरखास्त, म्हणजे हुकमाच्या अंमलबजावणीचा अर्ज, जास्त कामाची. पोटगीच्या हुकूमनाम्यासाठी पगाराचा एक तृतीयांश भाग सोडून उरलेल्यावर जप्ती आणता येते. त्यासाठी मालकाचं नाव-पत्ता, कर्मचारी क्रमांक आणि पगार विभागाचा पत्ता अर्जात बिनचूक द्या. नोकरी बदलली की नवा पत्ता लगेच कळवा. हेतुपुरस्सर पैसे न देणाऱ्याचा बचाव, म्हणजे केसमधलं त्याचं म्हणणं, काढून टाकण्याची मागणीही करता येते, कोर्ट ते शेवटचा उपाय म्हणून वापरतं.

10. रक्कम बदलून घेणं आणि निकालानंतरची कामं

निकाल लागला की अपिलाची मुदत संपेपर्यंत दुसरं लग्न करू नका. बँक, पीएफ आणि विम्यातलं नामनिर्देशन आणि मृत्युपत्रातलं नाव बदला, ते घटस्फोटानं आपोआप बदलत नाही. संयुक्त खातं लेखी अर्ज देऊन बंद करा.

पोटगीची रक्कम दगडावरची रेघ नाही. मुलगा पाचवीतून आठवीत गेला, फी दुप्पट झाली, आजारपण आलं, समोरच्याचा पगार वाढला किंवा त्याची नोकरी गेली, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 146 खाली किंवा हिंदू विवाह कायद्याच्या कलम 25 (2) खाली रक्कम वाढवून किंवा कमी करून मागता येते. देणाऱ्यानंही परिस्थिती बिघडली तर पैसे बंद न करता हाच अर्ज करावा. अर्जासोबत जुन्या हुकमाची नक्कल, तेव्हाची आणि आत्ताची फी पावती शेजारी-शेजारी, नवं उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र आणि आजवर काय मिळालं याचा त्या चार रकान्यांच्या वहीतला उतारा लावा.